पडद्याआडचा पहारा

उस्तादांच्या कात्रीला एक खोड होती. केस कापून झाले तरी ती गप्प बसायची नाही. फणीनं पुढची बट उचलेपर्यंत हवेतच चक-चक, चक-चक चालू; बोलणं संपलं तरी ज्याचे ओठ हलत राहतात अशा माणसासारखी. गिऱ्हाइकांना वाटायचं, ऐट आहे. पण पडद्यामागं शिलाई मशीनवर बसलेल्या त्यांच्या बायकोला त्या आवाजात नवऱ्याची साखर ऐकू यायची.

दुकान म्हणजे एकच लांबट खोली. मधोमध जाड निळा पडदा. पुढं आरसा, फिरती खुर्ची, पाण्याचा फवारा आणि उस्ताद. मागं मशीन, इस्त्री, उंची कमी करायला आलेल्या पँटींचा ढीग आणि काकू. सगळे त्यांना काकूच म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. काकूंचे पाय पायडलवर, डोळे सुईवर आणि कान पडद्यापलीकडं. कात्रीची चाल बिघडली, एखादी चक गळली किंवा दोन एकदम आल्या, की मशीन थांबायचं.

"अहो!" काकू आतून हाक द्यायच्या. "काळे राळे?"

"गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले!" बाहेरून उत्तर यायचं. सरळ आलं तर काकू पुन्हा पायडल मारायच्या. अडखळत आलं, 'राळ्या'चं 'लाळ्या' झालं, की साखरपाण्याचा पेला घेऊन पडदा सारून बाहेर. तो पेला मशीनशेजारी कायम भरलेला असे. गिऱ्हाइकांना हा नवराबायकोचा खेळ वाटे. एकजण तर म्हणाला होता, "उस्ताद, लाडात आहात या वयात!"

लाड कसले आलेत! उस्तादांना मधुमेह होता तो शाळेच्या वयापासूनचा. गोड खाऊन होणारा नव्हे. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वतःच्याच शरीरानं शत्रू समजून मारून टाकल्यावर होतो तो. मग जन्मभर सुई. सुई कमी पडली तर साखर चढते, जास्त झाली तर कोसळते. तरुणपणी साखर कोसळायला लागली की त्यांना कळायचं. घाम फुटायचा, हात थरथरायचे, छातीत धडधड व्हायची. पुढं पुढं शरीरानं ही हाकाटी बंदच केली. आग लागली तरी घंटा वाजेना. चांगलं बोलता बोलता माणूस हरवायचा आणि हरवलोय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं.

मग काकू घंटा झाल्या. लेकीनं दंडावर चिकटवायचं यंत्र आणून दिलं होतं. पण ते कधी घामानं सुटायचं, कधी चांगल्या माणसाच्या दंडावर उगाच बोंबलायचं. लांडगा आला रे आला! उस्तादांनी ते काढून फणीच्या खणात टाकलं.

"मला बायकोचं यंत्र पुरेसं आहे," ते म्हणाले. "तिला चार्जिंगसुद्धा लागत नाही."

"आई, तू बायको नाहीस," लेक चिडून म्हणाली, "तू सीसीटीव्ही आहेस."

काकू हसल्या होत्या. पण पहाऱ्यावरच्या माणसाला हसायलाही भीती वाटते. हसण्याच्या आवाजात काही निसटलं तर?

एकदा निसटलं होतंच. तेव्हा दुकानात वस्तराही चालायचा. खुर्चीत मास्तर होते, चित्रकलेचे, नुकतेच निवृत्त झालेले. मान मागं, गळ्यावर फेस, अर्धी दाढी झालेली. वस्तऱ्याला कात्रीसारखा आवाज नसतो. काकूंना फक्त शांतता ऐकू आली, आणि ती शांतता जरा जास्तच लांबली. त्यांनी पडदा सारला. उस्ताद वस्तरा मास्तरांच्या गळ्यावर टेकवून उभे होते. हलत नव्हते. चेहऱ्यावर एक मंद, रिकामं हसू होतं. मास्तरांचे डोळे आरशात काकूंना शोधत होते आणि त्यांना श्वास घ्यायचीही छाती होत नव्हती. काकूंनी मागून येऊन नवऱ्याचं मनगट धरलं आणि एखादं बिऱ्हाड हलवावं तसा तो हात हळूहळू तिथून हलवला.

वस्तरा त्या दिवसापासून खणात गेला. मास्तर मात्र येत राहिले, केस कापायला. "दाढी का ठेवलीत?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ठेवली कुठं? अर्धी करून झालीय, अर्धी उस्तादांकडं बाकी आहे. एकदम करू म्हणून थांबलोय."

'काळे राळे' तेव्हापासूनचं. काकूंनीच शोधून काढलं होतं. साखर उतरली की आधी जीभ जड होते, तेव्हा जिभेलाच कामाला लावावं. साधी युक्ती. ती कित्येक वर्षं चालली.

आणि मग एका दुपारी एक तरुण आला. नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं त्याला. कात्री नीट चालली होती. काकू एका जॅकेटची चेन बसवत होत्या. मध्येच त्यांना कात्रीचा आवाज जरा वेगळा वाटला. तुटक नाही, पण भरल्यासारखा. केसांपेक्षा जाड काहीतरी दातांत असल्यासारखा.

"अहो, काळे राळे?"

"गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले!"

खणखणीत. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. काकूंनी सुई पुन्हा टेकवली.

"उस्ताद?" तरुणाचा आवाज. "उस्ताद, अहो... अहो, काय करताय?"

काकू धावल्या. उस्ताद आरशात बघत होते आणि तरुणाच्या गळ्याभोवती गुंडाळलेली चादर कापत होते. एकसारख्या पट्ट्या, अगदी नेटक्या. पट्ट्या कापत कापत कात्री खांद्यावरून मानेकडं चढत होती. आणि ओठ आपले चालूच होते: "राळ्यात राळे मिसळले... राळ्यात राळे मिसळले..."

काकूंनी कात्री काढून घेतली. पेला ओठांना लावला. तरुण अर्ध्या डोक्यानं उभा राहिला, म्हणाला, "नाही हो, घाबरलो नाही," आणि हे म्हणताना त्याचे दात वाजत होते.

थोड्या वेळानं उस्तादांच्या डोळ्यांत उस्ताद परतले. जमिनीवरच्या पट्ट्या बघून त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

काकूंनी खाली वाकून पट्ट्या गोळा केल्या. त्यांना दुसरंच काही कळून चुकलं होतं. इतकी वर्षं रोज म्हणून म्हणून ते वाक्य नवऱ्याच्या जिभेला पाठ झालं होतं. माणूस घरात नसला तरी जीभ दारात येऊन 'आहे, आहे' म्हणून सांगत होती. आपण जिच्या भरवशावर राहिलो ती घंटा कधीपासून खोटी वाजतेय? मागच्या आठवड्यात? मागच्या वर्षी? त्या किती वेळा निर्धास्त होऊन सुईकडं वळल्या होत्या, आणि त्या प्रत्येक वेळी पडद्यापलीकडं कोण उभं होतं?

लेकीनं इस्पितळातल्या नव्या प्रयोगाबद्दल बरेच दिवस धोशा लावला होता. काकू टाळत होत्या. त्या दिवशी त्यांनीच फोन केला. "कधी जायचं बोल."

डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्याच होत्या. टेबलावर त्यांनी एक चपटी, पांढरट, पातळ पिशवी ठेवली, पोस्टाच्या दोन तिकिटांएवढी.

"ही नमुन्याची आहे, रिकामी," त्या म्हणाल्या. "खऱ्या पिशवीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी असतात. इन्सुलिन बनवणाऱ्या. पोटाच्या कातडीखाली ठेवायची."

"पेशी?" उस्ताद म्हणाले. "आम्हाला एकच पेशी माहीत. कोर्टातली. तारीख पडते आणि निकाल लागत नाही."

"अहो, गप्प बसा ना," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "इथंही निकालाची खात्री नाही, काका, तेव्हा तुमचं फार चुकलं नाही. पण ऐका. या पेशी परक्या आहेत. उघड्यावर ठेवल्या तर तुमच्या शरीराचे शिपाई त्यांना मारून टाकतील. तुमच्या स्वतःच्या पेशींना मारलं तसंच. म्हणून ही पिशवी. हिची छिद्रं इतकी बारीक आहेत की साखर आत जाते, प्राणवायू आत जातो, इन्सुलिन बाहेर येतं. शिपाई मात्र आत शिरू शकत नाहीत."

"पडदाच म्हणा की," उस्ताद म्हणाले.

"पडदाच. आणि पडद्यामागं बसून या पेशी सतत तुमची साखर बघत राहतात. वाढली की इन्सुलिन सोडतात. उतरली की गप्प बसतात. हे गप्प बसणं महत्त्वाचं. तुमच्या सुईला गप्प बसता येत नाही. एकदा टोचली की टोचली."

उस्तादांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. "पडद्यामागं बसून माझी साखर बघणार! अगं, तुझी जागा गेली."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी चिमटीत धरून चोळून पाहिली. मलमलीपेक्षा तलम, आणि तरीही कुठंतरी चिवट.

"शिवण कुठंय हिची?"

"शिवण नाही. कडा उष्णतेनं चिकटवल्यात."

"कापड कधी मधोमध फाटत नाही, डॉक्टर. फाटतं ते शिवणीत."

"फाटायची भीती फार नाही, काकू." डॉक्टरीणबाई जरा थांबल्या. "मला भीती आहे ती वेगळी. सांगू?"

"सांगा. सांगाच."

"शरीरात परकं काही गेलं की शरीर त्याला गुंडाळून टाकतं. भोवती जाड कातडं धरतं, जखमेवर खपली धरावी तसं. पिशवी शाबूत राहते, फाटत नाही, उसवत नाही. पण ते आवरण दाट झालं तर आत प्राणवायू पोचत नाही. पेशी आतल्या आत गुदमरतात. आणि बाहेरून काहीच दिसत नाही."

"म्हणजे शिपायांनी दार फोडलं नाही, तर घरालाच बाहेरून भिंत बांधायची?"

"तसंच काहीसं. काहींच्या बाबतीत होतं, काहींच्या नाही. तुमच्या बाबतीत काय होईल ते मला आज सांगता येणार नाही. म्हणून तर प्रयोग."

परतताना लेक उत्साहानं बोलत होती, उस्ताद बसच्या खिडकीतून सलूनच्या पाट्या वाचत होते. काकूंच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा एक घंटा, आणि ती खरी वाजतेय की पाठांतर म्हणतेय हे कळायला मार्ग नाही.

पिशव्या बसवल्या. उस्तादांच्या पोटावर बेंबीच्या डावीउजवीकडं दोन छोटे टाके आले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लगेच काही होणार नाही. भोवती नव्या रक्तवाहिन्या धरायला वेळ लागतो, तोवर सुया चालूच. काकूंनी तोवर दुकानाची वेगळीच व्यवस्था लावली. काळे राळे बंद. आता त्या रोज नवं विचारायच्या, जिभेला पाठ नसलेलं.

"अहो, परवा कोण आलं होतं टक्कल असून केस कापायला?"

"बँकवाले! आणि टक्कल म्हणू नकोस, ते त्याला 'मोठं कपाळ' म्हणतात."

"अहो, गाढवापुढं वाचली?"

"गीता! कालचा गोंधळ बरा होता असं म्हणतंय गाढव."

पण नवं नवं तरी किती आणायचं? विचारून विचारून काकूंचं मशीन मागं पडू लागलं. पँटी चुकीच्या उंचीला कापल्या गेल्या. त्यात सकाळी उस्ताद आंघोळीहून आले की त्या बोटांनी त्यांचं पोट दाबून बघायच्या. पिशवीची कड लागते का? कालपेक्षा टणक लागते का? भिंत तर धरत नाही ना?

"अगं, कणीक आहे का ती, रोज तिंबतेस?"

"दुखतं का?"

"गुदगुल्या होतात. पिशवीतल्यांनाही होत असतील. हसून हसून इन्सुलिन सांडेल त्यांच्या हातून."

हा माणूस कशालाच कसा भीत नाही, याचा काकूंना राग यायचा. मग लक्षात यायचं, तो भीत नाही कारण त्याला ते कधी दिसलंच नाही. तो हरवतो तेव्हा तिथं नसतो. ते रिकामं हसू त्यानं बघितलेलं नाही. ते फक्त आपण बघितलंय, आणि मास्तरांनी.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई कागदावरून नजर उचलून म्हणाल्या, "काका, तुमचं शरीर इन्सुलिन बनवायला लागलंय. थोडं. पण बनवतंय." सुईची मात्रा उतरली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. साखर कोसळायची थांबली. एकदा तर जेवायला उशीर झाला तेव्हा उस्तादच म्हणाले, "अगं, हाताला जरा घाम आलाय, काही दे खायला." काकू ताट वाढता वाढता ओट्याला धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी त्या शरीरातून कुणीतरी हाक मारली होती. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ, सावलीसारखं: आणि ही हाक एक दिवस बंद झाली तर?

बातमी मास्तरांपर्यंत गेलीच. एका सकाळी ते आले, खुर्चीत बसले आणि दाढी कुरवाळत म्हणाले, "उस्ताद, वस्तरा काढा."



"मास्तर, नको," पडद्यामागून काकू म्हणाल्या.

"का नको? माझी अर्धी दाढी बाकी आहे यांच्याकडं. एवढी वर्षं तिची राखण केलीय."

"दाढीचं मशीन मारतील ना. मशीननं छान होते."

"काकू," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली थट्टा जरा मागं सरली, "त्या दिवसापासून मी कुणाच्याही खुर्चीत मान मागं टाकलेली नाही. दाताच्या डॉक्टरकडंसुद्धा नाही. दात गेले, मान टाकली नाही. आता वय झालंय. एकदा टाकून बघू द्या."

खण उघडल्याचा आवाज आला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरला, सप-सप, सप-सप. त्यांनी आधी बोट टोचून साखर पाहिली आणि मोठ्यांदा आकडा सांगितला, पडद्याला ऐकू जाईल असा. आकडा चांगला होता. वाढलेली दाढी आधी मशीननं उतरली. मग ब्रश, फेस, खुर्चीची पाठ खाली गेल्याचं कुरकुरणं.

आणि मग काही नाही.

वस्तऱ्याला आवाज नसतो. अगदी कान दिला तर खरखर ऐकू येते, कोरड्या पानावरून बोट फिरवावं तशी. काकूंनी शिलाई मशीन बंद केलं होतं. तरी रस्त्यावरून गाडी गेली की ती खरखर बुडून जायची, आणि गाडी गेल्यावर पुन्हा सापडेपर्यंत काकू पडद्याकडं झुकून राहायच्या. मास्तर बोलत नव्हते. गळ्याशी पातं असताना कोण बोलेल? उस्ताद बोलत नव्हते. खरखर... खरखर... मग थांबली.

गाडी नव्हती. तरी थांबली.

काकूंनी मनात वाट पाहिली. पातं पुसत असतील. पुसल्याचा आवाज आला नाही.

"अहो?"

उत्तर नाही.

"अहो, काळे राळे?" हे त्यांना विचारायचं नव्हतं. तेच तोंडात आलं.

उत्तर नाही. आता तर जीभसुद्धा दारात आली नाही.

काकूंनी पडदा ओढला. उस्ताद वस्तरा धरून उभे होते. मास्तरांच्या गळ्यावर, पात्याच्या खाली, फेसाची शेवटची पट्टी. उस्ताद हलत नव्हते. आणि चेहऱ्यावर हसू होतं. तेच. मंद. पिशव्यांभोवती भिंत धरली. आतल्या आत गुदमरल्या सगळ्या. बाहेरून काहीच दिसलं नाही. मी रोज दाबून बघत होते आणि मला काही कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला, त्या मनगटाकडं...

"हात लावू नकोस," उस्ताद ओठ न हलवता हळूच म्हणाले. "गिळतायत ते."

"काय?"

"मास्तर आवंढा गिळतायत. गळ्याची घाटी वर गेलीय. खाली उतरू दे. वरच्या घाटीवर वस्तरा फिरवत नाहीत."

मास्तरांची घाटी थरथरली, अडली आणि खाली उतरली. उस्तादांनी पातं एकदाच, वरून खाली, अलगद ओढलं. फेसाची पट्टी गेली. खाली कोवळी, पांढरी, कित्येक वर्षं ऊन न पाहिलेली कातडी.

"मग उत्तर का नाही दिलंत?" काकूंनी विचारलं.

"मी बोललो की मास्तर हसतात. मास्तर हसले की मान हलते. मी काय करू?"

"मी हसत नव्हतो हो," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. "मी घाबरून गिळत होतो. तुमची हाक ऐकली तशी आणखीच घाबरलो."

काकूंनी नवऱ्याचं बोट धरून पुन्हा टोचलं. आकडा मघाच्यापेक्षा थोडा उतरला होता. जिथं थांबायला हवा तिथंच थांबला होता. त्या थेंबाकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. आज थांबला. पिशवीतल्या कुणीतरी आज वेळेवर गप्प बसलं. उद्याचं काय? परवाचं? डॉक्टरीणबाईंनी तारीख सांगितली नव्हती. पेशीचा निकाल असाच, लागत नाही.

त्या पडद्यामागं गेल्या. मशीनवर बसल्या. दोरा निघाला होता. तो ओवायला घेतला आणि तो काही सुईत जाईना. एकदा, दोनदा. टोक थुंकीनं ओलं केलं. बोटं सुईच्या डावीकडून उजवीकडून जात राहिली. तळहाताला घाम फुटला होता, छातीत धडधडत होतं, कपाळ गार पडलं होतं. ही सगळी लक्षणं त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्याच्या अंगावर शोधली होती.

पलीकडं मास्तर गाल चोळत आरशात बघत होते. "हा कोण म्हातारा?" असं काहीतरी म्हणाले. उस्ताद हसले. मग ते हसणं थांबलं.

"अगं," पडद्यापलीकडून हाक आली, "तुझं मशीन बोलत नाहीये."

काकू दोऱ्याचं टोक पुन्हा सुईकडं नेत राहिल्या.

"अगं, काळे राळे?"

किती वर्षं हा प्रश्न त्यांनी विचारला होता. उत्तर द्यायची पाळी कधीच आली नव्हती.

"गोरे..." काकू म्हणाल्या. "गोरे लाळे... लाळ्यात..."

"अहो उस्ताद," मास्तर घाईनं म्हणाले, "काकूंना साखर द्या!"

वस्तरा मिटून ठेवल्याचा खट आवाज आला. मग पावलं. काकू कान देऊन ती ऐकत राहिल्या, सरळ पडतात का, एखादं डगमगतंय का. भरलेला पेला त्यांच्याच कोपराशी होता. पडदा हलला. तो बाजूला होईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.